फितरा दिला, मुलांच्या पोटगीचे काय?

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले, की जळगावच्या तांबापुऱ्यात काय किंवा धुळ्याच्या वडजाई रोडवर काय, मशिदीच्या दाराशी फितऱ्याची चर्चा सुरू होते. यंदा माणशी किती रुपये धरायचे, हे इमामसाहेब नमाजनंतर सांगतात. हिशेब जुनाच आहे. पावणेदोन किलोच्या आसपास गहू, किंवा त्याची बाजारभावाने होणारी रक्कम. ऐपत मोठी असेल त्याने खजूर किंवा मनुक्यांच्या भावाने द्यावा, त्याचे माप दुप्पट असते. ईदच्या नमाजला निघण्याआधी हा पैसा गरिबाच्या हातात पडला पाहिजे, म्हणजे त्याच्याही घरी शीरखुर्मा होईल. शेजारच्या घरातून ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो तो सगळ्यांना ठाऊक असतो. त्याआधी त्या घरात झालेला हा हिशेब मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

त्या हिशेबात घरातली डोकी मोजली जातात, आणि ती कशी मोजायची याचे नियम आहेत. खान्देशातले बहुतेक मुस्लिम हनफी परंपरेचे. त्या परंपरेत पुरुषाने स्वतःचा फितरा द्यायचा आणि आपल्या लहान मुलांचा द्यायचा. बायकोचा फितरा तिच्यावर, तिची ऐपत असेल तर. नवरा तिच्या वतीने देतो ती रीत झाली, सक्ती नव्हे. कमावत्या, सज्ञान मुलाचा फितरा बापावर नाही. पण सज्ञान मुलगा मतिमंद असेल, स्वतःचे काही नसेल, तर त्याचा आहे. आणि ईदच्या पहाटे फजरच्या आधी घरात बाळ जन्मले, तर त्या दोन-चार तासांच्या बाळाचाही फितरा बापाने काढायचा.

यामागचे कारण जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत दिलेले आहे. ज्या माणसाचे पालनपोषण तुमच्यावर आहे आणि ज्याचे तुम्ही वली, म्हणजे पालक आहात, त्याचा फितरा तुमच्यावर. मूल बापाच्या घरात झोपते की आईच्या माहेरी, हा प्रश्न त्यात येतच नाही. म्हणजे जो बाप मुलाचा फितरा काढतो, तो त्या क्षणी एक गोष्ट मान्य करत असतो, की या मुलाचा खर्च माझ्यावर आहे.

आता जरा तपशिलात जायला हवे. तलाक झाला, किंवा तलाक न होताच बायको मुले घेऊन माहेरी राहायला गेली, अशी घरे जळगावात आहेत, धुळ्यात आहेत, आणि ती एकाच समाजात आहेत असे नाही. त्यातले कितीतरी बाप ईदच्या आदल्या दिवशी आजोळी राहणाऱ्या दोन पोरांचा फितरा आठवणीने काढतात. काही जण कपड्यांचे पैसेही पाठवतात. उरलेले अकरा महिने मात्र शाळेची फी, दवाखाना, दूध, वह्या हे सगळे नाना-नानींच्या अंगावर. विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘ती माझ्याकडे राहत नाही, मग खर्च कशाचा?’ हेच उत्तर हिंदू घरातला बापही देतो. शब्द वेगळे असतील, हिशेब तोच.

आणखी एक गैरसमज रमजानातच दिसतो. जकातीचा महिना म्हणून काही जण आजोळी राहणाऱ्या मुलांना पैसे देतात आणि ते जकातीत धरतात. तसे चालत नाही. स्वतःच्या मुलांना, नातवंडांना, आई-वडिलांना, आजी-आजोबांना जकात देता येत नाही. कारण साधे आहे. त्यांना पोसणे हे मुळातच तुमच्यावरचे देणे आहे, आणि स्वतःचे देणे फेडून त्याला दानधर्म म्हणता येत नाही. मुलांना दिलेले ते पैसे वाया गेले असे नव्हे. पण जकात डोक्यावर तशीच राहिली.

कुरआनाने हा विषय संदिग्ध ठेवलेला नाही. दुसऱ्या सुऱ्यात, अल-बकरामध्ये, दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार ज्याचे मूल आहे त्याच्यावर टाकलेला आहे, आणि मुलावरून आईला किंवा बापाला कुणालाही छळू नये असेही तिथेच बजावले आहे. ‘तलाक’ याच नावाच्या पासष्टाव्या सुऱ्यात तर वेगळ्या झालेल्या जोडप्याचीच गोष्ट आहे: आई मुलाला पाजत असेल तर तिला तिचा मोबदला द्या, ज्याची ऐपत आहे त्याने ऐपतीप्रमाणे खर्च करावा, ज्याची कमी आहे त्याने त्यातून.

हजरत हिंद यांचा प्रसंगही प्रसिद्ध आहे. अबू सुफियान हे मक्केतले मोठे व्यापारी, हिंद त्यांच्या पत्नी. त्यांनी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यापुढे सरळ तक्रार मांडली, की नवरा हाताने आखडता आहे, मला आणि मुलांना पुरेल इतके देत नाही, न सांगता त्याच्या पैशातून घेतले तर चालेल का? रिवाजाप्रमाणे तुला आणि तुझ्या मुलांना पुरेल इतके घे, असे उत्तर मिळाले. चोरी कर असे ते सांगणे नव्हते. तो पैसा तितक्यापुरता मुलांचाच आहे, असा त्याचा अर्थ विद्वानांनी लावला, आणि बायकामुलांच्या खर्चाचा, म्हणजे नफक्याचा विषय निघाला की आजही याच प्रसंगाचा दाखला देतात.

देशाचा कायदा या विषयाकडे वेगळ्या दाराने आला. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. बायका-मुले रस्त्यावर येऊ नयेत, भिकेला लागू नयेत, एवढाच त्याचा हेतू. म्हणूनच ते दिवाणी कायद्यात नसून फौजदारी कायद्यात आले आणि सर्व धर्मांना सारखे लागू झाले. तेव्हा महिन्याला पन्नास रुपयांची मर्यादा होती. ती १९२३ मध्ये शंभर झाली, १९५५ मध्ये पाचशे. १९७३ ची नवी संहिता आली आणि ४८८ चे १२५ झाले. पाचशेची मर्यादा २००१ मध्ये उठली, तेव्हापासून रक्कम बापाच्या ऐपतीवर आणि मुलाच्या गरजेवर ठरते. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ या क्रमांकाने आहे. वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडी मात्र अजून ‘एकशे पंचवीस’च आहे, आणि बहुधा आणखी वीस वर्षे राहील.

याच कलमातून शाहबानो प्रकरण झाले. धुळ्याहून आग्रा रोडने पुढे गेले की इंदूर येते. त्या इंदूरच्या या वृद्ध महिला, नवरा वकील. खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये दिले, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम कायम केली, आणि पुढे काय झाले ते सगळ्या देशाने पाहिले. मोर्चे निघाले, संसदेत भाषणे झाली आणि १९८६ चा मुस्लिम महिला कायदा आला. त्या सगळ्या गदारोळात बायकोच्या हक्कावर इतके बोलले गेले, की मुलांचे काय हे कुणी फारसे विचारलेच नाही.

आणि नेमकी तिथेच फट राहिली. १९८६ च्या कायद्यात एक तरतूद अशी होती, की घटस्फोटित आई मुलांना सांभाळत असेल तर मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत तिला त्याबद्दल रास्त रक्कम मिळावी. ही रक्कम आईला होती, तिच्या सांभाळण्याबद्दल. पण नवऱ्यांच्या बाजूने न्यायालयांत युक्तिवाद होऊ लागले, की मुस्लिम मुलाची पोटगीच दोन वर्षांपुरती आहे. मूल दोन वर्षांचे झाले की बाप मोकळा! दोन वर्षांचे मूल कमवायला लागते की काय, असा प्रश्न कुणालाही पडावा. तरी हा युक्तिवाद काही उच्च न्यायालयांत टिकला.

बिहारमधल्या नूर सबा खातून यांच्या प्रकरणात नेमके हेच झाले. दोन मुली आणि एक मुलगा. नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि यांना घराबाहेर काढले. खालच्या न्यायालयाने बायकोला महिना दोनशे आणि प्रत्येक मुलाला दीडशे रुपये मंजूर केले. मग नवऱ्याने तलाक दिला आणि आता १९८६ चा कायदा लागू, असे म्हणत रक्कम कमी करायला अर्ज केला. पाटणा उच्च न्यायालयाने मुलांचा हक्क दोन वर्षांच्या वयापुरताच धरला. आई सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ जुलै १९९७ रोजी निकाल लागला. आईवडिलांचा तलाक झाला तरी मुलांचा कलम १२५ खालचा हक्क तसाच राहतो. मूल सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत, आणि मुलगी असेल तर तिचे लग्न होईपर्यंत. १९८६ च्या कायद्यातली दोन वर्षे ही आईच्या स्वतंत्र हक्काची आहेत, त्यांचा मुलाच्या हक्काशी संबंध नाही. न्यायालयाने या निकालात मुस्लिम कायद्याचाही आधार घेतला: बापाची ही जबाबदारी तिथेही निरपवाद आहे.

शाहबानो हे नाव खान्देशात कुणालाही विचारा, माहीत असते. नूर सबा हे नाव शंभरात एकाला माहीत असेल तर नशीब. आणि पोरांच्या ताटातल्या भाकरीशी थेट संबंध या दुसऱ्या नावाचा आहे.

‘आमचा तलाक झाला आहे’ एवढे लेखी उत्तरात लिहून पोटगीचा अर्ज उडवायचा, ही दुसरी युक्ती. तिला आपल्याच भागातल्या न्यायालयाने आळा घातला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. त्या खंडपीठाच्या पूर्णपीठाने लातूरच्या एका दांपत्याच्या प्रकरणात मे २००२ मध्ये सांगितले, की तलाक दिला असे नुसते म्हणून भागणार नाही. कारण काय होते, दोन्ही घरांतल्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केला का, तलाक कसा आणि कुणासमोर दिला, हे सगळे नवऱ्याने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात हीच भूमिका घेतली. पुढे २०१७ चा एकाच दमात दिलेल्या तीन तलाकवरचा निकाल आला आणि २०१९ चा कायदा आला. त्या कायद्यावर पुष्कळ वाद झाले. पण त्यात अज्ञान मुलांचा ताबा आईला मिळण्याची आणि तिच्यासह मुलांना निर्वाह भत्ता मिळण्याची तरतूद आहे, ती वादाच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. १० जुलै २०२४ च्या निकालाने घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही कलम १२५ चा मार्ग मोकळा असल्याचे पक्के झाले. मुलांचा मार्ग १९९७ पासूनच मोकळा होता.

खान्देशातल्या घरांना सर्वांत जास्त अडवणारा प्रश्न मात्र कायद्याच्या पुस्तकातला नाही, रेल्वेच्या वेळापत्रकातला आहे. धुळे-नंदुरबार-जळगावची कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतला कामाला जातात. उधना, लिंबायत या भागांत अहिराणी ऐकायला मिळते ती त्यामुळेच. समजा, मुलगी धुळ्याची, सासर अमळनेरचे, आणि संसार सुरतला. भांडण झाले, ती मुलांना घेऊन धुळ्याला आईकडे आली. आता केस कुठे करायची? वाटते की नवरा जिथे आहे तिथे, म्हणजे सुरतला. दर तारखेला कडेवर मूल घेऊन गाडी पकडायची, मजुरी बुडवायची, या विचारानेच पुष्कळ जणी गप्प बसतात. कायदा तसे म्हणत नाही. बाप जिथे आहे तिथे, ती स्वतः सध्या जिथे राहते तिथे, किंवा दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिले तिथे, यापैकी कुठेही अर्ज करता येतो. म्हणजे धुळ्याच्या न्यायालयात. आणि धुळ्यात झालेल्या आदेशाची बजावणी तो माणूस जिथे सापडेल तिथे करता येते. सुरतेला जाऊन बसले म्हणून आदेश मागे राहत नाही.

‘माझ्याकडे काम नाही’ हे उत्तर पुढे येते. यंत्रमाग बंद आहे, केळीचा हंगाम संपला, शेठने काढून टाकले. कधी ते खरे असते. पण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अंगाने धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायकामुलांना पोसले पाहिजे. दुसऱ्या टोकाला उत्पन्न लपवणारे असतात. दुकान भावाच्या नावावर, गाडी वडिलांच्या नावावर, खात्यावर शिल्लक शून्य. यावर नागपूरच्या एका प्रकरणातून उपाय निघाला. तिथल्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये एका आईने स्वतःसाठी आणि लहानग्या मुलासाठी अर्ज केला होता. मुलासाठी आधी पाच हजार, नंतर दहा हजार रुपये महिना ठरले. नवरा वरच्या न्यायालयांत जात राहिला. रजनेश विरुद्ध नेहा या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्यात देशभरातल्या न्यायालयांसाठी नियम घालून दिले गेले. दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे, खर्च यांचे शपथपत्र द्यायचे. पोटगी आदेशाच्या तारखेपासून नव्हे, तर अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. हा दुसरा नियम फार मोलाचा आहे, कारण तारीख पे तारीख करण्यात बापाचा फायदा त्याने संपवला. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदा २००१ पासून सांगतो. ‘शक्यतो’ या शब्दाने काय होते ते ज्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या त्यांना सांगायला नको.

शपथपत्र दोघांचे असते, हेही लक्षात ठेवावे. आई शिक्षिका असेल, नर्स असेल, तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात (१९५६) तर मुलांना पोसण्याची जबाबदारी बाप आणि आई दोघांवर शब्दशः लिहिलेली आहे. हनफी परंपरेत पहिला भार बापावर. तो कंगाल आणि कमावण्यास असमर्थ असेल आणि आईची परिस्थिती बरी असेल, तर आईवर.

मग येतो तो स्टँप पेपर. खुला घेताना, म्हणजे बायकोच्या मागणीवरून वेगळे होताना, समाजातली चार माणसे बसतात. कागद लिहिला जातो आणि त्यात एक ओळ हमखास असते: मुले आईकडे राहतील आणि ती मुलांचा खर्च कधीही मागणार नाही. संमतीच्या घटस्फोटात हिंदू घरांतही अशीच ओळ असते, फक्त तिला ‘वन टाइम सेटलमेंट’ म्हणतात. सुटका हवी म्हणून बाई अंगठा देते. पण पोटगी मुलाची आहे, आणि मुलाचा हक्क आई सोडून देऊ शकत नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. हनफी ग्रंथांत अशा अटीची चर्चा आहे. पण आईकडे काही नसेल तर भार फिरून बापाकडेच येतो, हे तिथेही आहे. त्या बैठकीला बसणाऱ्या जाणत्या मंडळींनी ही ओळ लिहूच दिली नाही, तर फार मोठे काम होईल. मेहेरचा हिशेब बाईचा आहे, तो तिने सोडला तर तिची मर्जी. पोरांचा वाटा त्या बैठकीत कुणाच्याच मालकीचा नसतो.

जबाबदारीचे बोललो तर हक्कांचेही बोलले पाहिजे. ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भांडणात त्यांची सरमिसळ होते. हनफी परंपरेत लहान मुलाला सांभाळण्याचा पहिला हक्क, ज्याला हिजानत म्हणतात, आईचा आहे: मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. त्या काळातही वली बापच असतो आणि खर्चही त्याचाच. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे. पण न्यायालयापुढे प्रकरण गेले की १८९० चा पालक व पाल्य कायदा सगळ्यांना लागू होतो, आणि त्यात मुलाचे हित काय, हा प्रश्न आधी विचारला जातो. मुलाचे वय, त्याचा धर्म, कोण त्याला नीट वाढवेल हे बघितले जाते, आणि समजण्याइतके मोठे असेल तर त्याचे म्हणणे ऐकले जाते. ‘पोरगा माझा आहे’ हे वाक्य तिथे पुरत नाही, बापाचेही नाही आणि आईचेही नाही. पैसे देत नाही म्हणून मुलाला भेटूच देणार नाही, असे आईला ठरवता येत नाही. भेटू देत नाही म्हणून पैसे देणार नाही, असे बापालाही ठरवता येत नाही. दोन्ही हक्क मुलाचे आहेत.

मालमत्तेत मात्र सावध राहायला हवे. नवरा वारला, रावेरकडची दोन एकर केळीची जमीन आई आणि लहान मुलांच्या नावावर लागली. मुस्लिम कायद्यात मुलांच्या मालमत्तेचा वली बाप, मग त्याने नेमलेला माणूस, मग आजोबा. आई या यादीत नाही, आणि तिने परस्पर मुलांचा हिस्सा विकला तर तो व्यवहार टिकत नाही. १९१८ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापासून हेच चालत आले आहे. तिने जिल्हा न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते. हिंदू आईला किंवा बापालाही अज्ञान मुलाची जमीन विकायला न्यायालयाची परवानगी लागतेच. घेणारा घाईत असतो, दलाल ‘काही होत नाही’ म्हणतो, आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर दावा लागतो. आईला पालक मानण्याचा प्रश्न हिंदू कायद्यातही सहज सुटला नव्हता. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. आईही नैसर्गिक पालक असू शकते हे त्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांत त्याच्या नावानंतर आधी आईचे नाव येते, मग वडिलांचे. तिथवर यायला पंचवीस वर्षे लागली.

पैशांपलीकडच्या जबाबदाऱ्याही कायद्याने लिहून ठेवल्या आहेत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आईवडिलांचे कर्तव्य आहे. त्यात पालकांना शिक्षा नाही, म्हणून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना पोर बरोबर नेले तरी कुणी विचारत नाही. दुसरी गोष्ट मात्र शिक्षेची आहे आणि रमजानातच डोळ्यांसमोर असते. तरावीहची नमाज संपली की रात्री अकरा-बारापर्यंत चौदा-पंधरा वर्षांची पोरे तिघे तिघे एका मोटारसायकलवर शंभर फुटी रोडवरून फिरतात. गणपतीत आणि नवरात्रात हीच गाडी आणि याच वयाची दुसरी पोरे असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा वेळी शिक्षा पालकाला किंवा गाडीमालकाला आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मला माहीत नव्हते, हे पालकाने सिद्ध करायचे असते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन जिवांचा बळी गेला, तेव्हा अल्पवयीन मुलाच्या वडिलांना अटक झाली होती, हे चावी देताना आठवावे.

पोटगीचा आदेश होऊनही बाप पैसे देत नसेल, तर वसुलीसाठी वॉरंट निघते, आणि तरीही थकवले तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत तुरुंगवास. तुरुंगात जाऊन आले म्हणजे थकबाकी फिटली, असा समज आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो फार पूर्वीच खोडून काढला आहे. आत राहून आल्यावरही रक्कम देणे असतेच.

महिला आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न लागता. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे; १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. मूल संकटात असेल तर १०९८. अर्जाला लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या आणि नवऱ्याच्या कामाबद्दल जी असेल ती माहिती जोडावी.

आणि आदेश झालेला असेल तर तारखेवर लक्ष ठेवावे. थकलेली रक्कम ज्या दिवशी देय झाली, त्या दिवसापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी या कलमाखाली वॉरंट निघत नाही. ईदला देतो, बकरी ईदला देतो, दिवाळीनंतर देतो, असे ऐकत राहण्यात ते वर्ष निघून जाते.